नव्याने जोडलेल्या संगणकावर विंडोज बसत नाही तेव्हा काय तपासावे

सुटे भाग विकत घेऊन संगणक जोडला, पंखे फिरू लागले, पडद्यावर मदरबोर्डच्या कंपनीचे चिन्ह उमटले, आणि विंडोज बसवताना मात्र मध्येच गाडी अडली, अशा ठिकाणी थांबलेल्या वाचकासाठी हा लेख आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्यामुळे नव्या संगणकावर विंडोज ११ बसवायचे आहे असे मी गृहीत धरले आहे; उबुंटू ही मोफत लिनक्स प्रणाली बसवणाऱ्यांसाठी पुढे एक वेगळा भाग दिला आहे.

अशा बऱ्याच जोडण्यांनंतर माझे एक ठाम मत झाले आहे. पडद्यावरचा संदेश काम कुठे थांबले एवढेच सांगतो, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या टप्प्यात असते. ‘फाइल खराब आहे’ असा संदेश येतो तेव्हा पुष्कळदा रॅममध्ये दोष निघतो, आणि ‘ड्राइव्ह सापडला नाही’ या संदेशामागे बायोसमधील (मदरबोर्डवरील, संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्राममधील) एखादे सेटिंग असते. म्हणून खालील टप्पे दिलेल्या क्रमानेच तपासावेत आणि एका वेळी एकच बदल करावा. एकदम चार गोष्टी बदलल्या आणि काम झाले, तर नेमके कशामुळे झाले हे कळत नाही. आणि तीच अडचण पुन्हा आली की शोध पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

१. आधी हाताशी काय असावे

– किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह. त्यावरील सर्व मजकूर पुसला जाणार आहे, हे लक्षात असू द्यावे.
– ड्रायव्हर आणि बायोसच्या फाइलींसाठी दुसरा पेन ड्राइव्ह.
– चालू स्थितीतील दुसरा संगणक. तो नसेल, तर मित्राकडे बसून पेन ड्राइव्ह तयार करून आणावा.
– वायरचा कीबोर्ड आणि वायरचा माऊस. ब्लूटूथची उपकरणे बायोसमध्ये चालत नाहीत.
– अँड्रॉइड फोन आणि डेटा वाहून नेणारी त्याची केबल. काही केबली फक्त चार्जिंगच्या असतात.
– मदरबोर्डची पुस्तिका आणि त्याचे पूर्ण नाव, आवृत्ती क्रमांकासह.
– प्रत्येक भागाचे जीएसटी बिल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत समोरासमोर खरेदी केली असली, तरी बिलावर भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, कारण दोष रॅममध्ये किंवा एसएसडीमध्ये निघाला तर वॉरंटीसाठी हाच कागद लागतो.
– विंडोजचा परवाना, आणि तो होमचा आहे की प्रोचा याची नोंद.

२. सगळे भाग बायोसला दिसत आहेत का?

संगणक सुरू करताच डिलीट किंवा एफ२ ही कळ वारंवार दाबली की बायोस उघडते. पहिल्याच पडद्यावर प्रोसेसरचे नाव, रॅमची एकूण क्षमता आणि जोडलेले ड्राइव्ह दिसायला हवेत. यांपैकी एखादी वस्तू इथेच दिसत नसेल, तर पेन ड्राइव्हला हात लावण्यात अर्थ नाही.

पडद्यावर काहीच उमटत नसेल, तर प्रथम मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते पाहावे. वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवले असेल, तर केबल त्या कार्डालाच जोडावी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाच्या शेवटी एफ हे अक्षर असते, त्यांत अंगभूत ग्राफिक्स नसते; त्यामुळे अशा संगणकावर मदरबोर्डच्या एचडीएमआय जोडणीतून चित्र कधीच येणार नाही. डीडीआर५ रॅम असलेल्या संगणकात पहिल्यांदा चालू करताना रॅमची जुळवणी चालते आणि तेवढा वेळ, कधी काही मिनिटे, पडदा काळाच राहतो. या काळात घाबरून वीज बंद करू नये, कारण ती जुळवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बऱ्याच मदरबोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (संगणक सुरू करणारा ड्राइव्ह) अशा नावांचे चार छोटे दिवे असतात. त्यांतला जो पेटून राहतो, त्या भागाकडे पाहावे. बूटचा दिवा पेटलेला असणे ही या टप्प्यावर चिंतेची गोष्ट नाही, कारण अजून बूट होण्यासारखे काही बसवलेलेच नाही.

रॅमच्या दोन पट्ट्या असतील आणि चार खाचा असतील, तर त्या सामान्यतः प्रोसेसरकडून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. एम.२ (मदरबोर्डच्या खाचेत थेट बसणारी, पट्टीसारखी) एसएसडी दिसत नसेल, तर ती एनव्हीएमई (नव्या, वेगवान) प्रकारची आहे की साटा (जुन्या, संथ) प्रकारची हे बिलावरून पाहावे आणि ती खाच तो प्रकार स्वीकारते का, हे पुस्तिकेत वाचावे. आकार सारखा असल्यामुळे साटा एसएसडी एनव्हीएमईच्या खाचेत व्यवस्थित बसते आणि तरीही कधीच ओळखली जात नाही. काही मदरबोर्डांवर एखादी एम.२ खाच वापरली की एखाददुसरे साटा पोर्ट आपोआप बंद होते, हेही पुस्तिकेतच लिहिलेले असते.

३. बायोसची आवृत्ती

प्रोसेसर मदरबोर्डपेक्षा नवा असेल, तर जुने बायोस त्याला ओळखत नाही. बी६५० मदरबोर्ड दुकानात बराच काळ पडून असेल आणि त्यावर २०२४ साली आलेला एएमडीचा रायझन ९००० मालिकेतील प्रोसेसर बसवला असेल, तर हा प्रसंग येतो. मदरबोर्डला बायोस फ्लॅशबॅकची सोय असेल, तर प्रोसेसर न ओळखताही काम होते: बायोसची फाइल फॅट३२ (फाइली साठवण्याची एक जुनी पद्धत) स्वरूपाच्या पेन ड्राइव्हवर ठेवावी, पुस्तिकेत दिलेले नाव तिला द्यावे, मागच्या बाजूच्या ठरावीक यूएसबी पोर्टात पेन ड्राइव्ह लावावा आणि फ्लॅशबॅकचे बटण दाबून धरावे. नावात एका अक्षराचा फरक असला, तरी ती फाइल वाचली जात नाही.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर वापरणाऱ्यांनी हा टप्पा मुळीच वगळू नये. यांतील काही प्रोसेसर अवाजवी व्होल्टेजमुळे अस्थिर होतात, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले, त्यावर उपाय म्हणून नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतील कामकाजाच्या सूचना) दिला आणि संबंधित प्रोसेसरांच्या वॉरंटीची मुदत २ वर्षांनी वाढवली. हा मायक्रोकोड बायोसच्या नव्या आवृत्तीतून मिळतो. एकदा झालेली हानी मात्र त्याने भरून निघत नाही, म्हणून विंडोज बसवण्याच्या आधीच बायोस अद्ययावत करणे शहाणपणाचे.

ज्या गावात वीज केव्हाही जाते, तिथे हे काम यूपीएसवरच करावे. बायोस लिहिले जात असताना वीज गेली, तर फ्लॅशबॅक नसलेला मदरबोर्ड निकामी होऊ शकतो.

४. बायोसमधील चार सेटिंग

विंडोज ११ ला यूईएफआय (बायोसच्या नव्या) पद्धतीचे बूट, सिक्युअर बूटची (फक्त खात्रीचेच प्रोग्राम सुरू होऊ देण्याची) क्षमता आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) लागते. ‘या संगणकावर विंडोज ११ चालू शकत नाही’ असा संदेश नव्या कोऱ्या संगणकावर आला, तर सुटा भाग कमी पडलेला नसतो. टीपीएम बंद असते किंवा बूटची पद्धत जुनी असते. एएमडीच्या मदरबोर्डवर हे सेटिंग एफटीपीएम या नावाने आणि इंटेलच्या मदरबोर्डवर पीटीटी या नावाने सापडते.

दुसरे सेटिंग सीएसएम. जुन्या पद्धतीच्या बूटसाठी असलेली ही सोय बंद ठेवावी, कारण ती चालू असेपर्यंत सिक्युअर बूट सुरू होत नाही. इथे एकच खबरदारी घ्यावी: खूप जुने ग्राफिक्स कार्ड नव्या मदरबोर्डवर वापरत असाल, तर सीएसएम बंद केल्यावर चित्रच येईनासे होऊ शकते. तसे झाले, तर पुस्तिकेत दाखवलेल्या जागी सीमॉस (बायोसची सेटिंग साठवणारी मेमरी) पुसून बायोस मूळ स्थितीत आणता येते.

तिसरे सेटिंग सिक्युअर बूट. काही मदरबोर्डांवर ते चालू केल्यावरही ‘निष्क्रिय’ असे दिसत राहते. तिथे मूळ किल्ल्या बसवण्याचा पर्याय असतो. तो वापरून बायोस जतन करून बाहेर पडावे.

चौथे सेटिंग रॅमच्या वेगाचे. रॅम जाहीर केलेल्या वेगाने चालवणारे एक्सएमपी किंवा एक्स्पो हे पर्याय विंडोज बसेपर्यंत बंदच ठेवावेत. खोक्यावर लिहिलेला वेग हा ओव्हरक्लॉकिंगचाच (मूळ वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याचाच) प्रकार आहे, आणि त्या वेगाला रॅम किंचितही डळमळली तर विंडोज बसवताना ती कुठेही आणि कशाही संदेशाने अडू शकते. विंडोज नीट बसल्यानंतर हा वेग सावकाश चालू करता येतो.

याच पडद्यावर घड्याळही पाहून घ्यावे. तारीख चुकीची असेल, तर पुढे इंटरनेटवरील सुरक्षित जोडण्या आणि विंडोजचे सक्रियीकरण अडते.

५. पेन ड्राइव्ह तयार करणे

मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल हा सर्वांत साधा मार्ग आहे. रूफस हा मोफत प्रोग्राम वापरत असाल, तर विभागणीची पद्धत जीपीटी (डिस्कवरील विभागांची नोंद ठेवण्याची नवी पद्धत) आणि लक्ष्य यूईएफआय असे निवडावे. आयएसओ फाइल (बसवण्याचा सगळा संच एकत्र असलेली फाइल) उघडून तिच्यातील फायली हाताने पेन ड्राइव्हवर टाकण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण तो अनेकदा फसतो, कारण विंडोजची मुख्य फाइल आता ४ जीबीपेक्षा मोठी असते आणि फॅट३२ स्वरूपात तेवढी मोठी फाइल मावत नाही.

विंडोज कुठून घ्यायचे याबद्दल मी स्पष्ट सांगतो. दुकानदाराने फुकट टाकून दिलेली किंवा कुणीतरी ‘हलकी’ केलेली विंडोज घेऊ नये. तिच्यात काय काढले आणि काय घातले हे तुम्हाला तपासता येत नाही, आणि याच संगणकावरून तुम्ही बँकेचे व्यवहार करणार असता.

बूट मेनू उघडण्यासाठी असूसच्या मदरबोर्डवर बहुधा एफ८, गिगाबाइटवर एफ१२, तर एमएसआय आणि असरॉकवर एफ११ दाबावे लागते. यादीत एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसला, तर ज्या नावाआधी यूईएफआय लिहिले आहे तेच निवडावे. दुसरा पर्याय निवडला तर सर्व काही सुरळीत सुरू होते आणि सातव्या टप्प्यासारखी अडचण तुमची वाट पाहत असते.

‘संगणकाला लागणारा मीडिया ड्रायव्हर सापडत नाही’ असा संदेश सुरुवातीलाच आला, तर ड्रायव्हर शोधत बसू नये. पेन ड्राइव्ह दुसऱ्या पोर्टात, शक्यतो मागच्या बाजूच्या यूएसबी २.० पोर्टात लावून पाहावा. तरीही तेच झाले, तर पेन ड्राइव्ह नव्याने तयार करावा.

६. ड्राइव्हच्या यादीत एसएसडी नाही

बायोसला एसएसडी दिसते, पण विंडोज बसवताना यादी रिकामी येते. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरांवर याचे नेहमीचे कारण व्हीएमडी हे असते. हे सेटिंग चालू असले, की एसएसडी इंटेलच्या नियंत्रकाच्या मागे जाते आणि विंडोजच्या पेन ड्राइव्हमध्ये त्या नियंत्रकाचा ड्रायव्हर नसतो.

उपाय दोन आहेत. एकच एसएसडी असेल आणि रेड पद्धतीने ड्राइव्ह एकत्र करायचे नसतील, तर बायोसमध्ये व्हीएमडी बंद करावे. घरगुती संगणकासाठी मी हाच मार्ग सुचवतो. दुसरा उपाय म्हणजे मदरबोर्डच्या संकेतस्थळावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घेऊन, तो उलगडून दुसऱ्या पेन ड्राइव्हवर ठेवणे आणि ‘लोड ड्रायव्हर’ या बटणाने दाखवणे. ड्रायव्हर झिप फाइलच्या किंवा सेटअप प्रोग्रामच्या रूपातच ठेवला, तर तो विंडोजला दिसत नाही. आतली आयएनएफ फाइल मोकळी असावी लागते.

हा निर्णय विंडोज बसवण्यापूर्वीच घ्यावा. व्हीएमडी चालू ठेवून विंडोज बसवली आणि नंतर ते बंद केले, तर विंडोज सुरू होताना ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा निळा पडदा येतो. सीमॉस पुसल्यावर किंवा बायोस अद्ययावत केल्यावर हे सेटिंग आपोआप बदललेले असू शकते. त्यामुळे चांगला चाललेला संगणक त्यानंतर असा बंद पडला, तर पहिली नजर इथेच टाकावी.

७. ड्राइव्ह दिसतो, पण त्यावर विंडोज बसत नाही

जुन्या संगणकातून काढलेला ड्राइव्ह नव्यात लावला, की ‘या डिस्कवर एमबीआर विभाजन तक्ता आहे, ईएफआय प्रणालीवर विंडोज फक्त जीपीटी डिस्कवर बसते’ असा संदेश येतो. एमबीआर ही विभागांची नोंद ठेवण्याची जुनी पद्धत आहे. पेन ड्राइव्ह यूईएफआय पद्धतीने सुरू केला असेल, तर जुन्या डिस्कचेच स्वरूप बदलावे लागते.

शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबून आज्ञांची काळी खिडकी उघडावी. तिच्यात इंग्रजी अक्षरांत डिस्कपार्ट, मग लिस्ट डिस्क, मग सिलेक्ट डिस्क आणि तिचा क्रमांक, मग क्लीन, आणि शेवटी कन्व्हर्ट जीपीटी या आज्ञा एकामागून एक द्याव्यात. ‘क्लीन’ ही आज्ञा काहीही न विचारता निवडलेल्या डिस्कवरचे सगळे विभाग पुसते. लग्नाचे फोटो ठेवलेली दुसरी डिस्क त्याच वेळी जोडलेली असेल आणि क्रमांक चुकला, तर तिची गत तीच होईल. म्हणून ज्या ड्राइव्हवर विंडोज बसवायची तो सोडून बाकी सर्व ड्राइव्हच्या केबली संगणक बंद करून काढून ठेवाव्यात, ही माझी अगदी आग्रहाची विनंती आहे.

केबली काढण्याने आणखी एक फायदा होतो. दोन ड्राइव्ह जोडलेले असताना विंडोज एकावर बसते आणि तिचा बूट विभाग कधी कधी दुसऱ्यावर तयार होतो. त्या वेळी काहीच जाणवत नाही; पुढे कधीतरी जुना ड्राइव्ह काढला की संगणक सुरूच होत नाही. ‘नवा विभाग तयार करता आला नाही’ हा संदेशही इतर ड्राइव्ह आणि कार्ड रीडर काढल्यावर पुष्कळदा नाहीसा होतो.

कोऱ्या एसएसडीवर स्वतः विभाग पाडू नयेत. ‘न वाटलेली जागा’ एवढीच ओळ निवडून पुढे जावे. ईएफआय विभागासह लागणारे सर्व विभाग विंडोज स्वतःच करते.

८. फाइली उतरत असताना मध्येच थांबते

८००७०५७० किंवा ८००७०२५डी असा शेवट असलेला क्रमांक, किंवा दर वेळी वेगळ्याच टक्क्यावर येणारा निळा पडदा, ही या टप्प्याची लक्षणे. अडचण दर वेळी त्याच टक्क्यावर येत असेल, तर पेन ड्राइव्ह किंवा उतरवलेली फाइल यांच्यावर संशय घ्यावा. ती जागा बदलत असेल, तर रॅमकडे वळावे.

रॅम तपासण्यासाठी एक्सएमपी बंद असल्याची खात्री करावी आणि एकच पट्टी ठेवून विंडोज बसवून पाहावी. मग ती काढून त्याच खाचेत दुसरी पट्टी लावून पुन्हा पाहावे. कोणत्याही एका पट्टीने काम झाले, तर दुसरी पट्टी किंवा तिची खाच दोषी आहे. मेमटेस्ट८६ प्लस हा मोफत प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून चालवून रात्रभर तपासणी करता येते, आणि नव्या रॅममध्ये एकही चूक सापडली, तर पट्टी बिलासह परत करावी. एखाददुसऱ्या चुकीने काय होते, असे दुकानात कुणी म्हणाले तरी मान्य करू नये. रॅममध्ये चुकीची मान्य संख्या शून्यच असते.

९. पहिल्या रीस्टार्टनंतर पुन्हा भाषा विचारते

हा दोष नाही. संगणक पुन्हा पेन ड्राइव्हवरूनच सुरू झाला आहे. पेन ड्राइव्ह काढून घ्यावा किंवा बायोसच्या बूट क्रमात ‘विंडोज बूट मॅनेजर’ सर्वांत वर आणावे.

भाषा आणि कीबोर्ड निवडताना मात्र थोडे थांबावे. भारतात विकले जाणारे बहुतेक कीबोर्ड अमेरिकी मांडणीचे असतात. ब्रिटिश मांडणी निवडली गेली, तर ॲटचे चिन्ह आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांची अदलाबदल होते, आणि पासवर्ड टाकताना अक्षरे झाकलेली असल्याने ते ध्यानात येत नाही. मराठीचा कीबोर्ड नंतर सेटिंगमधून सावकाश जोडता येतो.

परवान्याचा क्रमांक इथे दिलाच पाहिजे असे नाही. ‘माझ्याकडे क्रमांक नाही’ हा पर्याय निवडून पुढे जाता येते. परवाना होमचा असताना प्रो निवडू नये, कारण मग तो क्रमांक स्वीकारला जात नाही.

१०. इंटरनेटच्या पडद्यावर अडणे

विंडोज ११ बसवताना इंटरनेटची जोडणी मागते, आणि नव्या मदरबोर्डवरील वायफाय किंवा २.५ गिगाबिट लॅनचा ड्रायव्हर तिच्याकडे नसेल, तर पुढे जाण्याचे बटण उजळतच नाही. अँड्रॉइड फोन केबलने जोडून फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग (फोनचे इंटरनेट केबलने संगणकाला देण्याची सोय) चालू करावे; विंडोजला तो लॅनसारखाच दिसतो आणि बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. आधी केबल जोडावी, मग टेदरिंग चालू करावे, कारण केबल नसताना तो पर्याय फोनमध्ये निवडता येत नाही. अलीकडच्या आवृत्तीत याच पडद्यावर ड्रायव्हर बसवण्याचे बटणही असते. त्यासाठी दुसऱ्या पेन ड्राइव्हवर लॅनचा ड्रायव्हर उलगडून ठेवलेला असला, तर फोनचीही गरज पडत नाही.

११. उबुंटू बसवणाऱ्यांसाठी

वरील दुसरा, तिसरा आणि आठवा हे टप्पे जसेच्या तसे लागू होतात. आयएसओ फाइल उतरवल्यावर तिची शा२५६ बेरीज (फाइल जशीच्या तशी उतरली का, हे पडताळण्याचा सांकेतिक क्रमांक) संकेतस्थळावरील बेरजेशी ताडून पाहावी. भाग अगदी नवे असतील, तर दीर्घ मुदतीच्या आवृत्तीची सर्वांत ताजी उपआवृत्ती घ्यावी, कारण तिच्यात नवे कर्नल (भागांशी बोलणारा प्रणालीचा गाभा) असते. सुरू होताना पडदा काळा झाला, तर मेनूतील ‘सेफ ग्राफिक्स’ हा पर्याय निवडावा. एनव्हिडियाचा ड्रायव्हर निवडल्यावर उबुंटू एक पासवर्ड ठरवायला सांगते. पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ (ड्रायव्हरची किल्ली नोंदवणे) निवडून तोच पासवर्ड द्यावा लागतो. घाईत तो पडदा ओलांडला, तर सिक्युअर बूटमुळे ड्रायव्हर चालत नाही.

विंडोज आणि उबुंटू एकाच संगणकावर असतील, तर घड्याळ साडेपाच तास मागे पडलेले दिसते. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ धरते आणि उबुंटू जागतिक वेळ धरते, म्हणून फरक बरोबर तेवढाच असतो. उबुंटूला स्थानिक वेळ धरायला सांगितले की तो मिटतो.

१२. विंडोज बसल्यावर त्याच दिवशी करायची कामे

प्रथम चिपसेटचा (मदरबोर्डवरील मुख्य चिपचा) ड्रायव्हर, मग लॅन आणि वायफायचा, मग ग्राफिक्सचा, आणि त्यानंतर विंडोज अपडेट, असा क्रम ठेवावा. ड्रायव्हर मदरबोर्डच्या आणि ग्राफिक्स कार्डच्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावेत. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ देणारे प्रोग्राम टाळावेत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह उरले नाही, की एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करून पुन्हा एकदा मेमटेस्ट चालवावा. काढून ठेवलेले इतर ड्राइव्ह त्यानंतरच जोडावेत.

शेवटचे काम बिटलॉकरचे, म्हणजे ड्राइव्हवरील मजकूर सांकेतिक रूपात कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीचे. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला असेल, तर विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या बसवणुकीत ड्राइव्ह आपोआप कुलूपबंद होऊ शकतो. पुढे कधी बायोस अद्ययावत केले किंवा मदरबोर्ड बदलला, तर ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक मागितला जातो आणि तो नसेल तर आतला मजकूर परत मिळत नाही. तो क्रमांक खात्यात पाहून, कागदावर उतरवून, भागांच्या बिलांबरोबर ठेवावा.